पंप बंद करणाऱ्या काकू

अडाजण, सुरत
रविवार दुपार

प्रिय श्वेता,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, पुण्याला नक्की कधी येतेस?" आणि मी "कुकर उतरवते गं" म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. त्या दिवशी बाबांनी जेवणाऐवजी बाहेरून गरम लोचो आणला होता आणि तोही खाऊन झाला होता. तुझं पहिलं बाळंतपण, तुला सहावा महिना, मी तीन महिने तुझ्याकडे येऊन राहायचं हे कधीचं ठरलेलं, आणि एवढ्या साध्या प्रश्नावर तुझी आई पळून गेली. माझं खोटं तू लहानपणापासून आवाजावरूनच ओळखतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागद मधेच प्रश्न विचारत नाही. पण उत्तराआधी सगळं नीट सांगते, नाहीतर पहिलंच वाक्य वाचून तू रडत बसशील आणि मंदाररावांना वाटेल, सासूबाईंनी काहीतरी टोचून लिहिलं.

गेले सहा महिने मी उधन्याला "कसल्याशा" क्लासला जाते. "कसल्याशा" हा बाबांचा शब्द. शिकते काय, तर मोठ्या इमारतींतले एसी, पंखे, पंप, दिवे सगळे एकाच संगणकावरून कसे चालवायचे, भिंतीवरचे सेन्सर कुठे नि कसे बसवायचे, आणि वीज वाया जात असेल तिथे ती कशी अडवायची. हे शेवटचं वाचून तू हसली असशील. तू बाथरूममधून बाहेर यायच्या आत दिवा घालवणारी बाई मी; तुझ्या निम्म्या अंघोळी अंधारात झाल्या. ज्या सवयीपायी घरात इतकी वर्षं बोलणी खाल्ली, ती शिकवायला लोक क्लास काढतात हे मला फार उशिरा कळलं.

कळलं तेही योगराजमुळे. माणूस आला की आपोआप लागणारे दिवे सोसायटीच्या जिन्यात बसवायला हा तंत्रज्ञ आला होता. मूळचा शिरपूरकडचा, तुझ्याच वयाचा. मी दिवसभर त्याच्या शिडीखाली उभी. दिव्याला माणूस आलेला कसा कळतो? मांजर आली तर? तुझे बाबा पायरीवर पेपर वाचत न हलता बसले तर? शेवटी तो वरूनच म्हणाला, "काकू, मी उधन्याले हाईच शिकाडस. तुम्ही क्लासच लावा." तो तिथे हेच शिकवतो, हे त्याने सुटका व्हावी म्हणून सांगितलं, मी मनावर घेतलं. वर्गात मी सोडून सगळी विशीतली. पहिल्या दिवशी मी आत गेले तशी सगळी पोरं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच मॅडम. मीही त्यांना लगेच खाली बसा म्हटलं नाही.

बाबांनी विरोध केला नाही, विरोध करायला उठावं लागतं. ते आपले एसी अठरावर लावून गोधडीत बसतात. मी शिकलेलं सगळं त्यांच्यावर करून बघते. एकदा एसी चोवीसवर ठेवला आणि रिमोटच्या तोंडाला काळी चिकटपट्टी लावून टाकली. बाबांनी बटण दाबून दाबून रिमोटवर अठरा आणलं, "आता कसं बरं वाटलं" म्हणाले आणि समाधानाने गोधडी ओढून घेतली. अजून त्यांना पत्ता नाही. तूही बोलू नकोस.

पण माझी खरी कीर्ती झाली ती दिवाळीनंतर. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात आम्हाला काम बघायला नेलं होतं. तळघरात मला एका पॅनलपाशी उभं करून योगराजने बजावलं, नुसतं बघा, हात लावू नका. दुपारची जेवणाची वेळ, तिथे चिटपाखरू नाही, आणि एक दांडगा पंप आपला घरघरत होता. श्वेता, मी हात लावला नाही, तो गेला. पंप बंद केला आणि पदर खोचून उभी राहिले. वरच्या सगळ्या मजल्यांना गार पाणी तोच पंप पुरवतो आणि त्या पाण्यावरच तिथला एसी चालतो, हे मला पाठ होतं, हाताला नव्हतं. थोड्या वेळाने चौथ्या मजल्यावरचा साड्यांचा व्यापारी घामाघूम होऊन खाली आला. त्याच्याकडे लग्नाचा बस्ता चालू होता आणि नवरीची आत्या उकाड्याने साडी न घेताच उठली होती. "बेन, आ एसी छे के भठ्ठी?" हे तो मलाच विचारत होता, कारण जबाबदार वयाची दिसणारी मी एकटीच. योगराज धावत आला. त्याने पंपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काकू, हाई काय करं तुम्ही?" मी खरं ते सांगितलं, रिकामाच चालला होता म्हणून घालवला. त्याने कपाळाला हात लावला आणि पंप चालू केला. मग मला वर नेऊन आत्याबाईंपुढे उभं केलं. माफी मागता मागता मी त्यांना एक मोरपंखी साडी पसंत करून दिली, तेव्हा कुठे सगळे गार झाले. तेव्हापासून वर्गात मी पंपकाकू.

गेल्या सोमवारी शेवटची परीक्षा होती. मुद्दाम बिघडवून ठेवलेलं पॅनल दुरुस्त करायचं. तुला सांगते, मनात आलं की नापास व्हावं. नापास झाले असते तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, बॅग भरायची आणि पुण्याची गाडी धरायची. मी थोडा वेळ नुसती बसूनही राहिले. मग एका तारेचा स्क्रू ढिला दिसला आणि राहवलं नाही. तो पिळला, मग पुढचा दिसला. पास झाले.

आता उत्तर. मला नोकरी लागली आहे, एक तारखेपासून. पहिले सहा महिने रजा नाही, म्हणजे मी पुण्याला येणार नाही. हे एवढं फोनवर तोंडातून निघेना. तू रागावलीस तर तो राग मला मान्य आहे, पण मला ही नोकरी हवी आहे गं, फार हवी आहे. योगराजने दोन जागा पुढे ठेवल्या होत्या. एक मोठा मॉल, पगार बरा. दुसरं कतारगामला नवीन झालेलं प्रसूतिगृह. मी मॉलला नाही म्हटलं. म्हणून हे पत्र. तू सुरतला ये, सातव्यात ये, आणि नाव तिथेच नोंदव. दिवसा घरी बाबा आहेत. ते रोज सकाळी बाळ समजून दुधी भोपळ्याला तेल लावून न्हाऊ घालायला शिकतायत. दोन हातातून निसटले, ते त्याच दिवशी भाजीत गेले. तुला आत नेतील तेव्हा तुझा हात धरायला मी नसेन, याचं मला खूप वाईट वाटतं. मी खाली तळघरात पॅनलपाशी असेन, पण वरच्या खोलीतली हवा आणि बाळापुरती ऊब माझ्याकडे असेल. माझी दिवसपाळी आहे, बाळाला तसं सांगून ठेव. आणि तुला थंडी वाजली तर नर्सला सांग. ती खाली फोन करेल, तो मीच उचलेन.

तुझीच,
आई