स्टीअरिंगच्या डबीत ब्रेकचं तेल

दुवान,

गाडी दारातच आहे, पण ती बाहेर काढू नकोस. आईला डायलिसिसला प्रवासी जीपनं नेतेय. या वयात, त्या गर्दीत, तुझ्या कृपेनं!

काल शेजाऱ्यांदेखत म्हणालास, "ताई, तुझ्या दंडात जोर नाही, म्हणून तुला स्टीअरिंग जड लागतं." आज पहाटे मी पुढची चाकं जॅकवर चढवली आणि स्टीअरिंगच्या तेलाचा पाईप सोडवला. काळंकुट्ट तेल आलं. मग सीटखाली तुझी अर्धी बाटली सापडली. ती ब्रेकच्या तेलाची आहे, शहाण्या! त्या तेलानं आतले रबरी सील फुगतात आणि सगळं गळायला लागतं. ठाऊक नव्हतं तर विचारायचं. मला विचारलं असतंस तर काय मिशी गळून पडली असती?

नवं तेल ओतून, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मी तीनदा सगळं धुतलं. तरी खाली थेंब पडतायत. नवे सील आणून बसवायचं काम तुझं.

आणि शनिवारचं ऐक, कारण आई तुला सांगणार नाही. चर्चच्या उतारावर स्टीअरिंग वळेचना. कठड्याला घासत गाडी थांबवली. पलीकडे दरी होती. आणि आई पहिलं वाक्य काय बोलली असेल? "पोरी, तेल दुवाननं भरलं होतं ना? त्याला काही बोलू नकोस हं, मनाला लावून घेईल."

मी तिला तसं वचन दिलंय. म्हणून बोलत नाही, लिहितेय.

योलिमा