सुदर्शनने वाढवलेला स्फटिक

प्रिय सुदर्शन,

तुझे वडील गेल्यावर चौदा महिन्यांनी लिहिते आहे. फोनच करणार होते, पण तू नुसतं "बोल" म्हणालास तरी माझ्याच्याने पुढे बोलवणार नाही.

काल पिंपरी पेंढारला घरी जाताना ओझरला उतरले. गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत तुझ्या आई भेटल्या. हात धरून मला बाजूला नेलं न् म्हणाल्या, "सुदर्शनचं जमलं गं. पोरगी लई गुणाची हाय." मग माझा हात न सोडताच म्हणाल्या, "ह्यांच्या दहाव्याला तरी यायला पायजे व्हतं तू."

 तेव्हा मी तुला कळवलं होतं, यंत्र थंड करून ठेवलंय, हेलियम संपायच्या आत मोजायलाच हवं. ते खरं होतं. पुण्याहून तुझं पेठ गाव दीड-दोन तासांवर आहे, हेही खरं होतं.

यंत्रात तुझाच स्फटिक होता. नायोबियम आणि फॉस्फरसची पूड काचनळीत बंद करून तू तीन-तीन आठवडे भट्टी सांभाळायचास. दोन नळ्या फुटल्या. तिसरीतून तांदळाएवढा चकाकता तुकडा निघाला, तो तू आधी माझ्या तळहातावर ठेवलास. माझे वडील फोनवर विचारायचे, "सेमीमेटल म्हंजी अर्धं लोखंड का?" तू न हसता सांगायचास, "न्हाय काका, ह्यात इलेक्ट्रॉन असं पळत्यात, जसं त्यांना वजनच न्हाय." लग्नाचं तू दोनदा विचारलंस. मी दोन्ही वेळा म्हणाले, प्रबंध होऊ दे.

मग तुझ्या वडिलांना, गेणभाऊंना, अर्धांगवायू झाला आणि पीएचडी अर्ध्यावर टाकून तू पेठला गेलास. सहा महिन्यांत ते गेले. त्यांच्या दहाव्याच्याच सकाळी, चुंबकीय क्षेत्र वाढवता वाढवता, रोधाच्या आलेखावर लाटा उमटल्या. इलेक्ट्रॉन खरंच तसे पळतात याचा पुरावा असलेल्या त्या लाटांसाठीच आपण तीन वर्षं घातली होती. मी एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले. तू घाटावर असशील, हे नंतर आठवलं.

शोधनिबंध लिहिताना सर म्हणाले, "सोडून गेलेल्याचं नाव आभारात घालू." वाद घातला तर माझा प्रबंध अडेल, या भीतीने मी "बरं" म्हणाले. छापून आल्यावर तुझा फोन आला. "आलेख लई देखणा आलाय, हर्षाली." एवढंच. भांडला असतास तर बरं झालं असतं रे.

तुझ्या लग्नात मोडता घालायला हे पत्र लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी सरांना सांगितलं, लेखकांत सुदर्शनचं नाव घाला, नाहीतर माझं काढा. दोन दिवसांनी ते तयार झाले. छापलेल्या निबंधाची दुरुस्ती काढायला नियतकालिकाला तुझी सही लागते, फॉर्म सोबत जोडला आहे. मला माफ करू नकोस, पण सही कर. पहिलं नाव तुझं, त्याच्या शेजारी माझं. आपली दोघांची नावं एका कागदावर छापून येतील, ती आता एवढीच.

एके काळची तुझी,
हर्षाली