मेणातला तुकडा

१२ फेब्रुवारी १९६३, मंगळवार

दादाचं अर्धं पोट आज माझ्या टेबलावर आलं. काचेची बरणी, आत फॉर्मॅलिन, वर चिठ्ठी — गुलाबराव, कोक ओव्हन, वय ३४. सख्ख्या भावाचं जठर! तीन वर्षं या लॅबमध्ये माणसांचे तुकडे कापतोय, कधी हात हलला नाही. आज बरणी नुसती उचलली तर आतलं पाणी हिंदकळलं.

सर्जन म्हणाले, जखम मोठी आहे, कडा जाड आहेत. तुकडा तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही.

चार महिने दादाला संडासला काळं होत होतं, डांबरासारखं. कुणाला बोलला नाही. कोळशाच्या भट्टीवरचे सगळे तेच सांगतात — कोळसा नाकातोंडातून पोटात जातो, काळं होणारच, गूळ खा. हा गूळ खात बसला. घरात लॅबवाला भाऊ, त्याला विचारायचं सुचलं नाही! राग येतो. रागाच्या खाली भीती आहे, तीच जास्त आहे.

१४ फेब्रुवारी

लॅबचे डॉक्टरसाहेब नागपूरला गेलेत, सोमवारी येतील. तोवर स्लाइड तयार ठेवायची. ती वाचायचं काम त्यांचं, माझं नाही.

वॉर्डच्या दारात वहिनीनं गाठलं. ‘भाऊजी, तुमी तं तिथंच बसता. काय निंगलं, सांगा ना.’ वेळ लागतो म्हणालो. माझी अन्नावर वासना नाही. पोटात आग पडते. चिमूटभर सोडा घेतला, बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी

तुकडा मेणात बसवला. चिमट्यातून दोनदा निसटला. मेण थिजायला लागलं म्हणून घाईघाईत टेकवला.

१६ फेब्रुवारी, शनिवार

बघायचं नव्हतं. बघितलं.

जठराची भिंत मला पाठ आहे. आत ग्रंथींचं अस्तर, त्याखाली विरविरीत थर, मग स्नायूंचे जाड पट्टे, सगळ्यांत बाहेर पातळ आवरण. ग्रंथी आपल्या जागी राहतात, स्नायू आपल्या जागी. दादाच्या तुकड्यात ग्रंथी स्नायूंच्या आत शिरल्यात. इथे तीन, तिथे पाच, सुट्या सुट्या. रंग चांगला बसलाय, निळा आणि गुलाबी — इतकी सुबक स्लाइड मी आजवर केली नसेल.

वरचं खाली शिरलं की त्याला पुस्तकात एकच नाव आहे. ते इथे लिहिणार नव्हतो. कॅन्सर. लिहिलं.

१७ फेब्रुवारी

दादा उशीला टेकून बसला होता. सेक्टर दहामध्ये कारखान्याचं क्वार्टर मिळणार म्हणून खुशीत. ‘मरोद्याची खोली सोडू आता. तुले बी येगळी खोली देतो.’ मग माझ्याकडे बघून — ‘कावून रे देवीदास, तोंड लपवून राहिला?’

सर्दी आहे म्हणालो. मोठ्या भावाशी पहिल्यांदा खोटं बोललो. धाकधूक थांबत नाही. सोड्याची पुडी संपली, महिन्यातली तिसरी.

१८ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरसाहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि लगेच उचलला. ‘ये तूने तिरछा बैठाया है. हाथ काँप रहा था क्या? फिर से काट, सीधा.’

तिरपा! मेणात तुकडा कलला की पातं थर एकमेकांत मिसळून कापतं, वरच्या ग्रंथी स्नायूंत असल्यासारख्या दिसतात. पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं मला. शिव्या खाताना इतका आनंद आयुष्यात झाला नाही. पण भीती पुरती गेली नाही. तिरपं कापलेलं सरळ कापल्यावरही वाईट निघू शकतं.

मेण वितळवून तुकडा सरळ बसवला. या वेळी श्वास रोखून.

१९ फेब्रुवारी

‘अल्सर है. पुराना अल्सर. और कुछ नहीं.’

मागच्या खोलीत जाऊन रडलो. मग वॉर्डात पळालो. वहिनीनं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दादाला समजावलं — रक्त पोटात पडलं, पचलं की काळं होतं. जखमेतून रक्त जात होतं, कोळशाचा काही संबंध नाही. तो म्हणाला, ‘म्हंजे माहा गूळ फुकट गेला.’ टाके दुखेपर्यंत हसला. पाच दिवसांनी पोटभर जेवलो.

२० फेब्रुवारी

सकाळी मला काळं झालं. डांबरासारखं. आठवून पाहिलं — गुरुवारीही तसंच होतं, मी नीट बघितलं नव्हतं.

मी तर कोळशाच्या जवळपासही जात नाही.