गाळपाआधीचं लग्न

ती. दाजी यांस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं, कंबर आणि उजवा खांदा, सध्या सहकार्य करत नाहीत, उरलेल्या सहांचा स्वीकार व्हावा.) अक्काचा दमा, तुमचं पित्त आणि परसातला फणस यांची प्रकृती कळवावी. आमची भाची चि. शर्वाणी बारावीत गेली हे वाचून आनंद झाला. तुमच्या एका परिचित गृहस्थांची मुलगीही योगायोगाने सतराचीच आहे, तिला सिडनीचं स्थळ सांगून आलंय, मुलगा थांबायला तयार नाही आणि आपल्याकडचा कायदा अठरावर अडून बसलाय, हे वाचून मात्र मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. ऑस्ट्रेलियात म्हणे बापाची सही असली की सोळाव्या वर्षीही लग्न लागतं, आणि तुमच्या मेहुण्याकडे, म्हणजे माझ्याकडे, तर तिथे लग्नं लावायचा सरकारी परवानाच आहे, असं त्या गृहस्थांचं म्हणणं. माझ्या परवान्याची कीर्ती परक्या गृहस्थांपर्यंत पोहोचली याचं अप्रूप वाटलं. त्यांच्या माहितीसाठी सविस्तर लिहितो.

हाच समज आमच्या रेन्झो झनॅटाचा होता. हा इथला, ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ऊसगावचा, मोठा ऊसवाला. आवाज मळीच्या टाकीतून आल्यासारखा. त्याची मुलगी मिका सतराची, आणि तिला कोबी नावाच्या, उसाचा ट्रॅक्टर हाकणाऱ्या बावीस वर्षांच्या वीराशी लग्न करायचं होतं. बाप पाठीशी, मुलगी हट्टाला पेटलेली. (सतराव्या वर्षी माणूस हट्टाला प्रेम म्हणतो. काही जण पन्नाशीतही म्हणतात.) अडचण एवढीच की मिकाला अठरा पुरी होणार जुलैत, ऐन गाळपात. (इथे ऋतू उलटे, उसाचं गाळप जूनमध्ये सुरू होतं.) आमच्या गावात गाळप सुरू झालं की माणसं मरणसुद्धा पुढे ढकलतात. ते संपणार नोव्हेंबरात, त्यापुढे वादळांचे दिवस. तेव्हा लग्न मे महिन्यातच, असं ठरवून रेन्झोच्या आईने पंगतीसाठी डुकराच्या मांसाचे सॉसेज भरून माळ्यावर टांगलेसुद्धा!

मी रेन्झोला समजावलं, बाबा रे, तुझी सही हवीच, पण नुसत्या सहीने भागत नाही. दोघांतला एक तरी अठरा पुरा केलेला लागतो, आणि जो लहान आहे त्याला न्यायाधीशाची परवानगी लागते. तीही परिस्थिती अगदी अपवादात्मक, जगावेगळी असेल तरच. रेन्झो म्हणाला, "मास्तर, बाप मी की न्यायाधीश?" आणि मला साक्षीला म्हणून गाडीत घालून कोर्टात घेऊन गेला. (बाप आपण आहोत ही गोष्ट ज्यांना वारंवार सांगावी लागते, त्यांच्याविषयी मला पूर्वीपासून शंका आहे. हे त्या गृहस्थांना कळवू नये.)

न्यायाधीश बाईंनी विचारलं, अपवादात्मक काय आहे? रेन्झो उठून म्हणाला, "गाळप, बाई!"

"गाळप दरवर्षी असतं ना?"

"दरवर्षी असतं."

"मग अपवाद कसला?"

रेन्झोने बोटांवर एकरांचा हिशेब केला. "यंदा ऊस फार आहे."

बाईंनी त्याला बसवलं आणि कोबीला उभं केलं. लग्नानंतर राहणार कुठे? आईकडे. स्वयंपाक कोण करतं? आई. तुझे कपडे? तेही आईच. बाई लेखणी खाली ठेवून म्हणाल्या, "मग जुलैपर्यंत थांबायला तुला अडचण काय?" कोबी प्रामाणिक पोरगा. तो म्हणाला, "आईचा गुडघा गेलाय ना. गाळपात घरी कुणीतरी पाहिजे."

मिका तेव्हा पहिल्यांदा बोलली. "कुठला गुडघा?"

कोबीला वाटलं, खरंच विचारतेय. तो म्हणाला, "डावा."

पुढचं लिहीत नाही. अर्ज मिकाचा होता, तो मिकानेच मागे घेतला. बाईंना निकाल द्यायचीसुद्धा गरज पडली नाही. परतताना गाडीत रेन्झो मला म्हणाला, "तुमच्या कायद्याने माझ्या पोरीचं लग्न मोडलं." मी म्हटलं, आमच्याकडे भटजी 'सावधान' लग्न लागताना म्हणतात, इथे ते कोर्टात आधीच म्हणून घेतात, एवढाच फरक.

तर दाजी, त्या गृहस्थांना सांगावं की इथे सोळा-सतराला लग्न लागतच नाही असं नाही, पण त्यासाठी जगावेगळं कारण लागतं, आणि 'मुलगा थांबत नाही' हे जगातलं सर्वांत जुनं कारण आहे. जो मुलगा वर्षभर थांबू शकत नाही, तो सिडनीत सिग्नलला कसा थांबतो, याचीच मला काळजी वाटते. परवानगीवाचून लग्न लावलं तर माझा परवाना जाईल, आणि मागोमाग मीही जाईन, तुरुंगात.

अक्काला नमस्कार.

तुमचा मेहुणा,
नरहर

ता. क. मिका शाळेत जाते. कोबीच्या आईने गुडघा बदलून घेतला. रेन्झो माझ्याशी बोलत नाही, पण सगळे सॉसेज माझ्या दारात आणून ठेवले. मी शाकाहारी आहे हे त्याला चांगलं ठाऊक आहे.

ता. क. पुन्हा. परवा शर्वाणीचा फोन आला होता. तुमच्या त्या परिचितांच्या मुलीबद्दल फार तपशिलाने बोलली आणि रडलीही. बापाच्या परिचिताच्या मुलीसाठी कुणी इतकं रडत नाही, दाजी. तेव्हा मूळ विनंती अशी, की तिचा पासपोर्ट तुम्ही आपल्या कपाटात कुलपात ठेवलाय, तो अक्काच्या हाती द्यावा आणि सिडनीला नकार कळवावा. नाही कळवलात आणि तिथेच गुपचूप मांडव घातलात, तर मी येतोच आहे. मांडवात भटजींनी 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं' अशी हाक दिली, की मामा उठेल, मुलीचा हात धरेल आणि सरळ रस्त्याला लागेल. मागून अक्का येईल. तिला विचारलंय, ती म्हणाली, बॅग भरूनच ठेवली आहे.