सहाशे चौदा माणसं आणि माझा एक नंबर

मी, श्रीमती रिस्पा नांजाला वेकेसा, वय वर्षे एकोणसाठ, धंदा टायपिंग व सायबर कॅफे, राहणार किमिलिली बाजार, जिल्हा बुंगोमा, आज रोजी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही धाकदपटशाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करून ठेवते. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली बसून मी दुसऱ्यांची दोनशेच्या वर मृत्युपत्रं टाइप केली आहेत, तेव्हा कुठल्या वकिलाने मला स्वल्पविराम शिकवायला येऊ नये. माझ्या हृदयाची एक झडप बिघडली आहे. एप्रिलमध्ये एल्डोरेटला ऑपरेशन ठरलं आहे आणि डॉक्टरांनी दहा दिवस फोन बंद ठेवायला सांगितलं आहे. ऑपरेशनची मला भीती नाही. त्या दहा दिवसांची आहे.

कलम १. दुकान, मागच्या दोन खोल्या व खालची जमीन माझी एकुलती मुलगी सितावा हिला मिळावी. माझा दीर कुंडू याचा त्यात सुतराम संबंध नाही. नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण जिरायच्या आत तो मोजणीदाराला घेऊन दारात उभा राहिला होता. "वहिनी, बाईमाणसाच्या नावावर जमीन टिकत नाही," म्हणाला होता. एकवीस वर्षं टिकली आहे.

कलम २. दोन्ही चालू संगणक मुलींच्या शाळेला द्यावेत. मोठा प्रिंटर कोणी फुकट नेत असेल तर न्यावा. तो दर सातव्या कागदाला अडतो, तेव्हा त्याच्या डाव्या कुशीत गुद्दा घालावा. बायकांच्या भिशीतला माझा वाटा सितावाच्या प्रवासाला. ती नर्स आहे, तिला आयर्लंडच्या एका इस्पितळात नोकरी लागली आहे आणि ती तीन मार्चला निघणार आहे.

कलम ३. कबुली. कुंडूचा ईमेल मीच उघडून दिला होता, पासवर्ड मीच घातला होता. एकदा, एकदाच, मी तो त्याच्या माघारी उघडला. माझी जमीन कितीला विकायची हे त्याचं ठरत होतं, तेही वाचलं आणि दुसऱ्या दिवशी जमीन कार्यालयात जाऊन हरकत नोंदवली. पाप झालं. जमीन वाचली. कुंडूला मी या मृत्युपत्राने त्याचा पासवर्ड परत देते, बाकी काही नाही.

कलम ४. आता नंबर. सरकारने कर, विद्यार्थ्यांचं कर्ज, चारित्र्याचा दाखला, गाडीचं लायसन, सगळंच संगणकावर नेलं तेव्हा आमच्याकडे निम्म्या लोकांना ईमेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ते माझ्याकडे येत. मी खातं उघडून देई, पासवर्ड ठरवून हिरव्या वहीत लिहून ठेवी. मग संगणक विचारे, विसरलात तर कोड कुठल्या नंबरवर पाठवायचा? लोक तर सिम चपलेसारखी बदलत. "तुमचाच घाला ना मावशी," म्हणत, "तुम्ही कुठे जाताय?" मी घातला. तुम्ही कुठे जाताय हे तेव्हा मला कौतुक वाटलं होतं.

अशी सहाशे चौदा माणसं झाली. कोड येतो माझ्या फोनवर, आणि पाच मिनिटांत शिळा होतो. म्हणून फोन अंघोळीला प्लास्टिकच्या पिशवीत, प्रार्थनेला मांडीवर, झोपेत उशाखाली. अकरा वर्षांत तो एकदाच बंद राहिला. गेल्या वर्षी मी दुकानात चक्कर येऊन पडले आणि तीन दिवस इस्पितळात होते, तेव्हा. त्या तीन दिवसांत विधवांच्या पेन्शनच्या पडताळणीची मुदत संपली. विधवा नाफुलाला सात महिने पेन्शन मिळालं नाही. तरी ती टोपलीभर अंडी घेऊन मला भेटायला आली.

मी मेले तर सिम बंद पडेल. काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देईल आणि सहाशे चौदा माणसांचे कोड कोणा परक्याच्या खिशात वाजतील. म्हणजे मला मरायचीसुद्धा सोय नाही.

कलम ५. पासवर्डच्या तिजोऱ्यांबद्दल. सितावाने मला तीन दाखवल्या. अशा तिजोरीत सगळे पासवर्ड राहतात आणि आपण फक्त तिची एक किल्ली लक्षात ठेवायची. एकीला वर्षाचे पैसे पडतात, एक फुकट आहे, एक फोनातच येते. आम्ही महिनाभर त्यावर डोकं फोडलं. पैशांची घ्यावी तर हप्ता चुकल्यावर काय? फुकटची घ्यावी तर फुकट देणाऱ्याचं पोट कशावर चालतं? फोनातली घ्यावी तर फोन चोरीला गेला की? शेवटी फुकटची घेतली आणि हिरवी वही तिच्यात भरायला बसले. चाळिसाव्या नावाशी सितावाने माझा हात धरला. म्हणाली, "आई, तिजोरी आपापली असते. लोकांना नवीन तिजोरी नकोय. त्यांची तिजोरी तूच आहेस."

मग मी लोकांनाच आपापली घ्यायला सांगू लागले. मुख्याध्यापक सिमियू शिकलेला माणूस. त्याने तीन दिवसांत तिजोरी बसवली आणि चौथ्या दिवशी तिची किल्ली चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे आणून दिली. "वहीत टाकून ठेवा मावशी, मला कुठे आठवतंय." कोडसाठी नंबरही माझाच घातला होता. त्याचं पाहून आणखी तेराजणांनी तेच केलं. मी हसले की रडले ते आता आठवत नाही.

तरीही विचारणाऱ्यांसाठी माझं मत लिहिते. स्वतःचा फोन असेल तर फोनातली तिजोरी पुरे. नसेल तर वहीत लिहा आणि ती जमिनीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवा. कुठली चांगली यावर भांडू नका. किल्ली स्वतःजवळ ठेवायची तयारी नसेल तर सगळ्या सारख्याच.

कलम ६. रद्द. पहिल्या मसुद्यात इथे असं होतं की नंबर, फोन व वही सितावाकडे जावी आणि शेवटचा माणूस सुटेपर्यंत तिने फोन बंद करू नये. तो कागद मी टेबलावर ठेवला. तिने वाचला. भांडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि आयर्लंडसाठी भरलेली बॅग उघडून कपडे परत कपाटात लावायला लागली. मी विचारलं, हे काय गं? तर म्हणाली, "काही नाही आई. तुझ्यानंतर कोणीतरी लागेलच ना."

मीही असंच बरं म्हणाले होते, पहिल्या माणसाला.

म्हणून हे कलम रद्द. तिला मी त्याच दिवशी खुर्चीत बसवलं. ती चौदा वर्षांची असताना तिच्याही खात्यावर मी माझाच नंबर घातला होता. तो काढून तिचा घातला. शेवटचा कोड आला, मी सहा आकडे वाचले, तिने टाइप केले. नर्सिंगला बाहेरगावी होती तेव्हा ती कोडसाठी फोन करायची आणि मग पाऊण तास बोलत बसायची. काम झाल्यावर तिने विचारलं, "आता मी फोन कशासाठी करू?" मी तिचे कपडे घड्या घालून पुन्हा बॅगेत भरले.

त्यानंतर एकशे नव्वद माणसं सोडवली. चारशे तेवीस उरली आहेत. नवीन माणूस घेणं बंद आहे.

कलम ७. समोरच्या सायबरचा मालक खाएंबा. रिस्पाबाई लोकांची पत्रं वाचते असं त्याने बाजारभर सांगितलं, त्यावरून नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तो अगदीच खोटं बोलत होता असं कलम तीननंतर म्हणता येत नाही. गेल्या मंगळवारी मी रस्ता ओलांडून गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. त्याने शटर अर्धं ओढलं आणि हळू आवाजात म्हणाला, "तुमचे सहाशे ना रिस्पाबाई? माझे नऊशे आहेत. बायकोलाही सांगितलेलं नाही."

मग आम्ही चहा प्यायलो. ठरलं ते असं: ऑपरेशनचे दहा दिवस फोन व वही खाएंबाकडे राहील. मी परत आले नाही तर तो नव्वद दिवस फोन चालू ठेवेल, रोज पाचजणांना बोलावून त्यांचा नंबर बदलून देईल, आणि नव्वदाव्या दिवशी वही जाळेल. जो आला नाही तो आपल्या कर्माने अडकला. उलट, खाएंबा माझ्या आधी गेला तर त्याचे नऊशे मी सोडवायचे. म्हणजे सुटता सुटता मी पुन्हा अडकले, हे मला कळतं. पण दुसरा कोणी तयार नव्हता.

कलम ८. दफन. खर्च बेताचा करावा. बैल कापू नये, कोंबड्या पुरेत. सितावाला बोलावू नये. तिला निरोप दफनानंतर तिसऱ्या दिवशी द्यावा. आमच्यात मुलीने आईच्या मातीला नसणं ही केवढी नाचक्की आहे ते मला शिकवू नका. पण माझ्या बहिणीच्या मातीला मी उभी होते, मुठीत माती होती, आणि फोन वाजला. मी ती मूठ तशीच धरून सहा आकडे मोठ्याने वाचले. सितावा आली तर त्या दिवशी अंगणात निदान तीनशे माणसं असतील, सगळी चांगली, सगळी रडणारी, आणि त्यातलं कोणीतरी खाएंबाकडून फोन घेऊन प्रेमाने तिच्या हातात देईल. ती नाही म्हणणार नाही. माझीच मुलगी आहे.

तिच्या नावाने कोणी बोटं मोडू नयेत. हे माझं म्हणणं आहे, तिचं नाही. मला ती तिथे हवी आहे. म्हणूनच लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगायला गेले तर ये म्हणेन.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे. साक्षीदाराचा मृत्युपत्रात लाभ असू नये असा नियम आहे. आख्ख्या बाजारात माझ्या वहीत किंवा खाएंबाच्या नऊशेंत नाव नसलेली दोनच माणसं सापडली, त्यांच्यासमोर सही करते.

सही: रिस्पा नांजाला वेकेसा

साक्षीदार १: मकोखा वाबुके, खाटीक, वय ऐंशी, संगणकाला कधी हात लावलेला नाही. (अंगठा)

साक्षीदार २: एकाई लोकोरू, चर्चचे नवे शिक्षक, तुर्कानाहून येऊन पंधरा दिवस झाले. (सही)

ठिकाण: किमिलिली
दिनांक: १७ फेब्रुवारी २०२५