लाल पट्ट्याखालचं पाणी

बाई, तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू जाऊनही वीसेक वर्षं होऊन गेली, तरी मी हे कागदावर लिहितोय. तोंडाने सांगायची वेळ होती तेव्हा मी गप्प बसलो, एवढंच त्याचं कारण. आम्ही भावंडं तुला आई म्हणत नव्हतो, बाई म्हणायचो. तू नगरला माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटायचं, सर कामवाल्या बाईंना हाक मारतायत. तूही बेरकी. पदर खोचून त्यांच्यापुढे चहा ठेवायचीस आणि विचारायचीस, "सायेब, साखर बास का आजून टाकू?" मग मी सांगायचो की ही माझी आई. पोरं कप तसाच ठेवून तुझ्या पायाशी वाकायची, आणि तू त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून डोळा बारीक करायचीस.

गोड बोलायचं आणि विश्वास कुणावर ठेवायचा नाही, हा स्वभाव मी तुझ्याकडून उचलला. दुष्काळात पाथर्डीच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं होतं, तिथे तू खडी फोडायचीस. दिवसाची खडी रचून झाली की डब्यात चुन्याचं पाणी कालवून ढिगावर शिंपडायचीस. कुणी चार पाट्या उचलून आपल्या ढिगात टाकल्या तर सकाळी पांढरं मोडलेलं दिसणार. शेजारचा ढीग तुझ्या चुलत जावेचा. मी म्हणालो, "बाई, काकी कशाला चोरंल?" तू म्हणालीस, "न्हाई चोरनार. चुना हाय म्हनून न्हाई चोरनार." आणि कान, तेही तुझेच. घाव घालायच्या आधी तू हातोडीने दगडाला नुसती टिचकी मारतेस, मान तिरपी करून ऐकतेस. "खनखन वाजला का समजायचं, आत काय न्हाई. बद्द वाजला का पोटात भेग हाय. भेग हाय तिथं पानी." रस्त्याला एक ओढा आडवा येत होता, त्याच्या कापलेल्या काठात काळ्या दगडांच्या मधोमध विटेच्या रंगाचा हातभर पट्टा दिसायचा. त्याच्यावर हात ठेवून तू सांगितलंस, "ह्यो लाल पट्टा पान्याला खाली जाऊ देत न्हाई. पानी ह्याच्या डोक्यावर बसतं. ह्याच्या खाली खांदलं तर घाम निघंल, पानी न्हाई निघनार." पुढे मी भूगर्भशास्त्रात डॉक्टर झालो, त्या लाल थराचं इंग्रजी नाव शिकलो, तो कसा तयार होतो ते पोरांना शिकवायला लागलो. आपल्या भागातल्या पाण्याबद्दल मात्र तू ओढ्याकाठी सांगितलंस त्याच्या फार पुढे गेलो नाही. प्रबंधाच्या आभारांत मी ग्रंथपालाचंसुद्धा नाव घातलं होतं. तुझं घातलं नाही, आणि तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका परिसंवादात भेटलेल्या परदेशी प्राध्यापकाचं मला पत्र आलं की कोरड्या मुलखातले दगड आणि पाणी या विषयावर इंटरनेटवर एक ज्ञानकोश सुरू झालाय. जगातल्या कुणीही त्यात लिहावं, दुसऱ्या कुणीही ते सुधारावं. कुणाला मानधन नाही, कुणाचं नाव नाही. मला पहिली शंका तिथेच आली. फुकट लिहून घेणार, नावही देणार नाही, मग मलई कोण खाणार? पण आपल्या नगरच्या दगडाबद्दल कुठलातरी माणूस हजारो मैलांवर बसून वाचेल, हा मोहही सुटेना. बाजारात एक चाचा होते, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, त्यांनी दुकानाच्या मागच्या भागात दोन कॉम्प्युटर मांडले होते. दुपारची तासिका संपली की मी तिथे जायचो. फोनची लाइन लागताना ते यंत्र चिरकायचं, खरखरायचं, आणि त्या आवाजावरून मी सांगायचो की चाचा, आज तुटणार. तुटायचीच. चाचा म्हणायचे, "प्रोफेसर साब, कान हैं के टेस्टर? किस के पास सीखे?" मी म्हणायचो, आईकडे. चाचांना ती थट्टा वाटायची.

मी आपल्या जिल्ह्यातल्या विहिरींच्या दगडावर मोठा लेख लिहिला आणि खाली माझं नाव, पदव्या, कॉलेजचा पत्ता, सगळं घातलं. चार दिवसांनी बघतो तर लेख जागेवर आणि नाव गायब. मी पुन्हा घातलं. पुन्हा पुसलं. खाली कुणीतरी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या, "इथे लेख कुणा एकाचा नसतो. आणि तुम्ही तिसऱ्या परिच्छेदात म्हणता ते कशावरून?" सही म्हणून नुसती दोन अक्षरं. बाई, मला वीस वर्षांच्या नोकरीत कुणी कशावरून असं विचारलं नव्हतं. मी सांगायचो आणि पोरं उतरवून घ्यायची. मी आधार म्हणून माझाच एक शोधनिबंध दिला. त्यावर उत्तर आलं, "हेही तुम्हीच म्हणताय. दुसरं कुणी म्हटलंय का?" मला हसू आलं आणि अंगाचा तिळपापडही झाला.

माझा संशय सरळ आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्यावर गेला. तो कोल्हारकडचा, प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला, बोलायला माझ्याहून गोड. त्याने एकदा मी काढलेला विहिरीचा फोटो स्वतःच्या लेखात छापला होता आणि विचारल्यावर म्हणाला होता, "अहो सर, तुमचं-आमचं काय वेगळं आहे?" म्हटलं, हाच दोन अक्षरांच्या आड बसलाय. माझं नाव पुसायचं, मजकूर उचलायचा आणि पुढच्या वर्षी आपल्या नावावर छापायचा. त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात भाकरी थापत होतीस. मी पाटावर बसून तुला विचारलं, "बाई, ढिगावरचा चुनाच कुणी पुसायला लागलं, तर चोर कसा धरायचा?" तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मंग ढिगात वळखीचा एक दगूड ठिवायचा. आपल्याला ठावं आसंल आसा. ज्याच्या ढिगात निघंल त्यो चोर." मग मान वर करून विचारलंस, "का रं? कालीजात बी खडी फोडत्यात का?"

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेलो आणि ओळखीचा दगड ठेवला. लेखात एक खोटी ओळ घातली. पाथर्डीकडे ओढ्याच्या काठाला जिथे लाल थर उघडा पडतो, तिथे थराच्या खालच्या अंगाला खोदलं की वीस हातांत पाणी लागतं, असं जुने जाणते सांगतात. तू सांगितलेल्याच्या बरोब्बर उलटं. आधार म्हणून लिहिलं, स्थानिक परंपरा. त्याला कोण कशावरून विचारणार? ही ओळ उद्या कोल्हारकराच्या लेखात दिसली की मी त्याला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर धरणार होतो. खरं सांगतो, ते लिहिताना मला फार बरं वाटलं. दोन अक्षरंवाल्याने ती ओळ पुसली नाही. नुसतं एवढंच लिहिलं, "आमच्या इकडे याच्या उलट आहे. तुमच्याकडच्या माणसांना जास्त माहीत असेल." मला वाटलं, मासा गळाला लागतोय.

दोन महिने गेले. पुण्याकडच्या एका संस्थेची कार्यकर्ती मला भेटायला कॉलेजात आली. तरुण, उन्हाने रापलेली, हातात छापलेल्या कागदांची चळत. पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवर शाळेला आणि घरांना मिळून एक विहीर खोदायची होती. वस्तीतली निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली, मागे राहिलेल्यांनी, त्यातही बायांनीच, श्रमदानाने सात हात खाली नेली होती. "आता काळा पाषाण लागलाय सर. पुढे जावं का, ते तुम्ही बघून सांगाल? जागा आम्ही यावरून धरली." आणि तिने कागद माझ्यापुढे ठेवला. माझाच लेख, माझी ओळ, तिच्याखाली तिने पेन्सिलीने रेघ मारलेली. "खाली नाव नाहीये, पण लिहिणारा जाणकार दिसतो."

बाई, मी तिथेच म्हणू शकत होतो की ही ओळ खोटी आहे. पण पुढचा प्रश्न ठरलेला होता, कशावरून? मी म्हणालो, "असल्या कागदावर विसंबू नका. उद्या येतो. सोबत एका जाणत्या माणसाला आणतो." घरी येऊन तुला म्हणालो, एका वस्तीवर दगड ऐकायचाय, येतेस का? तुझे गुडघे तेव्हा सुजायचे, जिना चढताना भिंत धरायचीस. तरी तू हातोडी शोधायला लागलीस.

वस्तीवर जीप थांबते. ऊन तापलेलं, उकरलेल्या दगडांच्या कडेला बाया पदराने तोंड पुसत उभ्या. एक म्हातारा तुला बघून म्हणतो, "सर, आजीला कशापायी आनलं? ती काय घन मारनार व्हय?" तू म्हणतेस, "मारते की. पाटी तू उचल म्हंजे झालं." बाया हसतात. दोघी तुला धरून खड्ड्यात उतरवतात. तू टिचकी मारतेस, मान तिरपी करतेस, आणि तो खणखण आवाज मला वरून स्पष्ट ऐकू येतो. दुसरीकडे मारतेस, खणखण. तू वर येतेस, ओढ्याच्या काठाने लाल पट्ट्याच्या वरच्या अंगाला चालत जातेस, चार ठिकाणी बसून दगड वाजवतेस. बद्द. "हितं," तू म्हणतेस. "तकडं मराल, पर पानी न्हाई लागनार. तकडं कुनी सांगितलं हुतं?" कार्यकर्तीने कागद दाखवला. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. "कोन्या मेल्यानं लिव्हलं?" म्हातारा म्हणाला, "आसंल यकादा शहरातला शहाना. पंख्याखाली बसून लिव्हतंय, आमची हाडं मोडत्यात." सगळे हसले. मीही हसलो. त्या कोल्हारकराचा चेहरा डोळ्यांपुढे आणून म्हणालो, "असतात असे लोक." एका बाईने आपले हात उलटे करून बघितले. फोड फुटून सालं निघालेले हात. सात हात खोल खड्ड्यात तिचे किती दिवस गेले असतील, ते मी विचारलं नाही.

परतताना जीपमध्ये तू पुढे बसलीस, हातोडी मांडीवर. माळ ओलांडून झाला. मग पाठीमागे न वळता काहीतरी म्हणालीस. मी म्हणालो, "काय म्हणालीस? आवाजात ऐकू नाही आलं." तू म्हणालीस, "काय न्हाई. काच वढ, धुराळा येतोय."

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे जाऊन ती ओळ काढली आणि तुझी घातली. पाणी लाल थराच्या वर असतं, खाली नाही. बदलाचं कारण लिहायला एक चौकट होती. तिच्यात मी लिहिलं, टायपिंगची चूक. आणि आधार म्हणून लिहिलं, खडी फोडणाऱ्या एका बाईने प्रत्यक्ष दगड वाजवून सांगितलं. दोन अक्षरंवाल्याने विचारलं, हे कुठे छापलंय का? मी लिहिलं, नाही. मग ते तसंच राहू दिलं त्याने, का तिने, मला कधी कळलं नाही. कोल्हारकर तो नव्हता, हे मात्र पुढे कळलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी ईमेलचा विषय काढला तेव्हा त्याने मला हळूच विचारलं, "सर, ते इंटरनेट सुरू कसं करतात हो? शिकवाल का?" मी शिकवलं. फोटोचं काही बोललो नाही. माझ्या संशयाबद्दलही नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर वस्तीवरून निरोप आला की तू दाखवलेल्या जागी चौदा हातांवर पाझर लागला. त्या बायांनी तुझ्यासाठी लुगडं पाठवलं होतं. तू ते नेसली नाहीस. पेटीत ठेवलंस. मी दोनदा म्हणालो, नेस की गं. तू म्हणालीस, "नेसंन." तू गेल्यावर पेटी उघडली तेव्हा ते घडीसकट तसंच होतं. तू ते का नेसली नाहीस, यावर मी अजून विचार करतो. मला वाटतं, ते लुगडं कुणाच्या चुकीची भरपाई आहे हे तुला ठाऊक होतं. कदाचित तसं काही नसेलही, नुसता रंग आवडला नसेल. तुझ्या बाबतीतसुद्धा माझा संशय जात नाही, बघ. तो कोशही आता राहिलेला नाही. एक दिवस उघडेना, आणि मग उघडलाच नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. लिहून झालं की लुगड्याच्या घडीत ठेवून देईन. फक्त जीपमधलं राहिलं. तू म्हणाली होतीस, "वळखीचा दगूड कुनाच्या ढिगात निघाला रं शेवटी?" माझे कान कसे आहेत ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, बाई.