आईसाठी रेकॉर्ड केलेलं बाबांचं नाटक

३ मार्च
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता, तो परत बसवला, आत गॅस भरलाय. आता डॉक्टर सांगतील तोवर पालथं पडून राहायचं, मान वर नाही. आई इकडे उत्तरेत माझ्याकडेच आहे, मी बँकेतून रजा घेतलीय. बाबा सांगलीतच. शनिवारी त्यांचं नाटक, रिटायर झाल्यावरचं पहिलंच. आई म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना, येऊ नका."

४ मार्च
नाटक लाइव्ह दाखवणार, पण नंतर नेटवर ठेवणार नाहीत. आई त्या दिवशी बघणार कशी? दिग्दर्शकांना फोन केला. म्हणाले, "घरच्यापुरतं रेकॉर्ड करा. पुढे पाठवू नका." चला.

५ मार्च
लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्ये लिंक टाकली, काहीच नाही. ती नुसत्या वेबपेजची निघाली. परत फोन, मग थेट स्ट्रीमची लिंक आली. तरी रेकॉर्डचं बटन कुठाय? माझी लेक इरा शाळेतून आली, माझ्या खांद्यावरून बघितलं. इकडेच वाढलेली, हिंदीच बोलते. "मम्मी, व्ह्यू में जाओ. ॲडव्हान्स्ड कंट्रोल्स पे टिक करो." लाल बटन हजर. एका बातम्यांच्या स्ट्रीमवर करून बघितलं. फाइल आली, आवाजासकट. फार बरं वाटलं.

७ मार्च, शनि.
स्पीकर आईच्या कानाशी. बाबा नाटकात म्हातारे पोस्टमास्तर. त्यांची एंट्री होणार आणि नेट गेलं. परत आलं तर इरा म्हणाली, "रेकॉर्ड फिर से दबाना पड़ेगा." दाबलं, तोवर बाबा स्टेजवर येऊन बसलेले. पुढचं सगळं मिळालं. लोक हसत होते, आईही उशीत हसत होती. "हलू नकोस गं," मी दोनदा म्हणाले.
एंट्री गेली ते तिला सांगितलं नाही. आज नको.

११ मार्च
डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली. दुपारी चहा घेऊन आई चांगल्या डोळ्याने नाटक बघायला बसली. पहिल्यांदा काय बोलली, तर, "माझी शाल घेतलीय यांनी. विचारलं पण नाही." चेहरा मात्र खुलला होता. मग, "हे आत कधी आले?" सांगावं लागलं.
तिने व्हिडिओ कॉल लावला. "अहो, तुम्ही आत कसे आलात ते राहिलंय."
बाबा बनियनवर होते. फोन फडताळाला टेकवून आत गेले, शाल घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून आले. चष्मा पुसला, खुर्ची चाचपली, बसले.
आई म्हणाली, "जरा सावकाश. परत या."
परत आले. इरा टाळ्या वाजवत होती.

१४ मार्च
कोल्हापूरला पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग ठरतोय. आईला डोळ्यात अजून त्या गॅसची पाण्यासारखी रेघ दिसते, रोज थोडी खाली सरकते. गॅस पूर्ण जाईपर्यंत विमान नाही. ट्रेनचंही डॉक्टर पुढच्या तपासणीला सांगतील. मी म्हटलं, आंब्याच्या मोसमापर्यंत राहा की, इथून जवळच मलिहाबादच्या आमराया बघायला जाऊ. "बघू," म्हणाली.
संध्याकाळी बाबांचा फोन. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगू का, विचारत होते.
"ठेवा," आई म्हणाली. "रिकामी राहिली तर राहिली."